घरच्या घरी रिकंबंट सायकल: मापापासून पहिल्या फेरीपर्यंत

रिकंबंट, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून चालवायची सायकल, घरी बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "पण मला वेल्डिंग कुठे येतं?" वेल्डिंग येत नसलं तरी अडत नाही, ते करून देणारा माणूस मिळतो. तुमचे पाय किती लांब आहेत, पाठ कुठल्या कोनात टेकली की तासभर आरामात बसवतं, चेन सीटखालून कशी जाणार, वळताना पुढचं चाक टाचेला लागणार का, हे मात्र दुसरं कोणी ठरवून देत नाही. सायकल जमते की फसते ते इथेच ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत करवत हातात घ्यायची वेळ बरीच उशिरा येते. तो क्रम मोडू नका.

हे सगळं आपल्याला मुळापासून का ठरवावं लागतं, त्यामागे एक इतिहास आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकंबंटवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि ऑस्कर एग यांचा १९१४पासून टिकलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी केली की ही सायकल तीत बसेना. शर्यतीतून बाहेर पडल्यावर मोठे कारखाने तिच्याकडे फारसे वळले नाहीत आणि साध्या सायकलसारखी तिची मापंही कधी ठरून गेली नाहीत. ती पोकळी घरी बांधणाऱ्यांनी भरली, आजही भरताहेत.

वेगाबद्दल एक गोष्ट आताच सांगतो. २०१६ साली नेवाडातल्या बॅटल माउंटनजवळ टॉड रायकर्ट यांनी ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला, तो पूर्ण बंद कवचाच्या वाहनात. आपली पहिली सायकल उघडी असेल. सपाट रस्त्यावर आणि समोरच्या वाऱ्यात तिचा फायदा नक्की जाणवतो, चढावर जाणवत नाही. मान, मनगट आणि बैठकीचं दुखणं थांबतं हा फायदा मला वेगापेक्षा मोठा वाटतो.

## १. प्रकार आधी ठरवा

व्हीलबेस म्हणजे दोन चाकांच्या आसांमधलं अंतर. लांब व्हीलबेसच्या सायकलमध्ये पुढचं चाक पायडलच्याही पुढे असतं. ती चालवायला सोपी आणि टाच चाकाला लागायची भीती नाही. पण ती लांबलचक होते, पुढच्या चाकावर वजन कमी पडल्याने ते वाळूत घसरतं आणि हँडलपासून फोर्कपर्यंत, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत, पोचायला मध्ये दांडी किंवा फार लांब स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लागतो.

आखूड व्हीलबेसमध्ये पुढचं चाक मांड्यांखाली येतं आणि पायडल त्याच्या पुढे, बूम नावाच्या नळीच्या टोकाला. वजन दोन्ही चाकांवर बऱ्यापैकी वाटलं जातं, सायकल दारातून आत जाते, हँडल थेट फोर्कला जोडता येतं.

तीनचाकीकडे नवखे ओढले जातात, कारण तोल सांभाळायचा नाही. पण पुढे दोन चाकं असली की वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, दोन्ही किंगपिनचे (चाक ज्यांच्याभोवती वळतं त्या खिळ्यांचे) कोन तंतोतंत जुळावे लागतात आणि एका बाजूने धरलेल्या आसांवर वळणाचा आडवा जोर पेलावा लागतो. पहिल्याच कामात हे अंगावर घेऊ नका. पायडलचा जोर पुढच्या चाकाला देणाऱ्या, बूमसकट वळणाऱ्या सायकलींचंही तेच. त्यांना चेन छोटी लागते, पण प्रत्येक पायडलबरोबर हँडल ओढलं जातं आणि ती सवय अंगवळणी पडायला बराच वेळ जातो.

माझी शिफारस स्पष्ट आहे. आखूड व्हीलबेस, पुढे २० इंची चाक, मागे २६ इंची, हँडल थेट फोर्कवर. पुढचं सगळं याच सायकलला धरून लिहिलं आहे.

## २. सामान जमवा, मगच कागद घ्या

चाकं आणि फोर्क प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय चित्र काढू नका. कल्पनेतल्या फोर्कवर काढलेलं चित्र खरा फोर्क आल्यावर रद्दीत जातं.

दोन जुन्या सायकली शोधा. एक २६ इंची माउंटन बाइक, जिच्यातून मागचं चाक धरणारा नळ्यांचा पूर्ण त्रिकोण, चाक, गिअर आणि ब्रेक मिळतील. दुसरी २० इंची मुलांची किंवा बीएमएक्स, जिच्यातून फोर्क, हेडट्यूब (फोर्कचा दांडा ज्यात फिरतो ती नळी), पुढचं चाक आणि बूमसाठी बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकचा (पायडलच्या दांड्यांचा) आस ज्यात फिरतो ती, नळी मिळेल. हेडट्यूब, फोर्क आणि हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंग) एकाच सायकलचे घ्या, नाहीतर व्यास जुळत नाहीत. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. फ्रेमला चिकटला नाही तर ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, सोडून द्या. अ‍ॅल्युमिनियम वेल्ड केल्यावर सांध्याजवळ बरंच मऊ पडतं आणि पुन्हा उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय ताकद परत येत नाही. घरच्या कामासाठी पोलादच बरं.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे चाकाचा "इंची" आकार. २० इंची म्हणून विकली जाणारी दोन वेगळी चाकं असतात, एकाच्या रिमचा व्यास ४०६ मिमी आणि दुसऱ्याचा ४५१. २६ इंचीतही माउंटन बाइकचं ५५९ आणि जुन्या पद्धतीच्या सायकलचं ५९०. टायर एकमेकांवर चढत नाहीत आणि ब्रेकचे पॅड रिमपर्यंत पोचत नाहीत. टायरच्या कडेवर ४०-४०६ असा आकडा छापलेला असतो. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. व्यवहार त्या दुसऱ्या आकड्यावर करा.

मुख्य नळीसाठी ४० × ४० मिमीची चौकोनी पोलादी नळी घ्या. दीड मिमी जाडीची नळी मीटरला साधारण १.८ किलो भरते, दोन मिमीची २.४ किलो. वेल्डर अनुभवी असेल तर दीड, तुम्ही स्वतः शिकत असाल तर दोन. चौकोनी नळीचं सुख म्हणजे तिला गुण्या लागतो, ती टेबलावर लोळत नाही आणि सपाट पृष्ठभागावर सांधा बसवणं सोपं जातं. क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची) गोल नळी हलकी आणि मजबूत खरी, पण तिचा कडकपणा साध्या पोलादाइतकाच. फार बारीक नळी घेतली तर सायकल पायडलच्या प्रत्येक जोराला वाकते.

गॅल्व्हनाइज्ड पाइप आणू नका. वेल्ड करताना जस्ताचा धूर उठतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. क्रोमचा मुलामा असलेल्या भागाचा धूर त्याहून घातक.

लागणारी हत्यारं:

- हॅक्सॉ आणि अँगल ग्राइंडर, गोल आणि अर्धगोल कानस
- शिकंजा, निदान चार मजबूत क्लॅम्प
- गुण्या, पाणसळ, ओळंबा, कोनमापक, पोलादी पट्टी, न ताणणारा दोरा
- ड्रिल मशीन, नळीच्या व्यासाचे होल सॉ
- क्रँक काढायचा पुलर, बॉटम ब्रॅकेटचं हत्यार, चेन तोडायचं हत्यार, फ्रीव्हीलचा पाना
- गॉगल, कातडी हातमोजे, कानात घालायचे बोळे, वेल्डिंगचा मुखवटा

कागदही जपून ठेवा. जुन्या सायकलींच्या खरेदीच्या पावत्या, तुमच्या मापांचा तक्ता, पूर्ण आकाराचं चित्र आणि वेल्डिंगच्या आधी-नंतरचे फोटो. सायकलवर कारखान्याचा शिक्का नसतो. ती तुमची आहे आणि कशी बांधली, हे कधी दाखवायची वेळ आली तर हेच कामाला येतं. दिवे, घंटा, रिफ्लेक्टर यांचे तुमच्याकडचे रस्त्याचे नियमही आधीच वाचून घ्या, म्हणजे त्यांच्या पट्ट्या वेल्डिंगच्या वेळीच लागतील.

## ३. अंगाची मापं घ्या

अनवाणी जमिनीवर बसा. कंबर आणि पाठ भिंतीला घट्ट टेकवा, पाय सरळ पुढे. भिंतीपासून तळपायापर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाला मोजायला सांगा, एकट्याने मोजताना अंग पुढे झुकतं. या मापातून क्रँकची लांबी वजा करा. समजा माप १०६० मिमी आलं आणि क्रँक १७० मिमीचा आहे, तर सीटचा मागचा खालचा कोपरा आणि बॉटम ब्रॅकेटचा मध्य यांत साधारण ८९० मिमी. हा आकडा सुरुवातीचा. मागेपुढे चार-चार सेंटीमीटरची जागा ठेवाच, कारण सीटचा कोन, बुटाचा तळ आणि गादीची जाडी तो हलवतात.

खांद्याची उंची, मांडीची लांबी आणि हात कोपरात थोडे वाकवून मूठ कुठे येते, तेही लिहून ठेवा.

## ४. लाकडाचा सांगाडा करून त्यात बसा

ही पायरी सगळे टाळतात आणि सगळ्यात जास्त याच पायरीतून कळतं. प्लायवुडच्या दोन फळ्या, एक पाठीला, एक बैठकीला. पुढे एका जाड लाकडावर जुना बॉटम ब्रॅकेट आणि क्रँक घट्ट बसवा. आडवी फळी, दोन-चार क्लॅम्प, बस.

पाठीचा कोन जमिनीपासून ४० अंशांवर ठेवून सुरुवात करा. जितकी पाठ खाली, तितका वारा कमी लागतो. पण मान पुढे उचलावी लागते आणि रस्ता दिसेनासा होतो. बॉटम ब्रॅकेट सीटच्या बैठकीपेक्षा किती उंच ठेवायचा, हा दुसरा निर्णय. फार उंच ठेवला तर काही वेळाने तळपायांना मुंग्या येतात. नवख्याने बैठकीच्या पातळीच्या जवळपास किंवा थोडा वर ठेवावा.

आता वीस-पंचवीस मिनिटं बसून राहा. उलटे-सुलटे पायडल मारा. टाच कुठून फिरते ते पाहा. डोळे उघडे ठेवून समोर बघा, बुटांच्या टोकांवरून पाच-सहा मीटरवरची जमीन दिसली पाहिजे. दिसत नसेल तर बॉटम ब्रॅकेट खाली घ्या किंवा पाठ उचला. नंतर सांगाडा ठरलेल्या उंचीवर उचलून दोन्ही पाय खाली सोडा, तळवे सपाट टेकले पाहिजेत. चवड्यांवर उभं राहावं लागलं तर सिग्नलला प्रत्येक वेळी धाकधूक होईल.

याच सांगाड्यावर तुमचा गुरुत्वमध्य काढता येतो. सांगाडा दोन आडव्या पट्ट्यांवर ठेवा, पुढच्या पट्टीखाली वजनकाटा, मागच्या पट्टीखाली तेवढ्याच उंचीचं लाकूड. रिकाम्या सांगाड्याचं वजन आधी टिपून वजा करा. पट्ट्यांमधलं अंतर १२०० मिमी, तुमचं वजन ८० किलो आणि काट्यावर ३० किलो आले, तर गुरुत्वमध्य मागच्या पट्टीपासून १२०० × ३० ÷ ८० म्हणजे ४५० मिमी पुढे. चाकं कुठे ठेवायची ते यावरून ठरतं. पुढच्या चाकावर ४० ते ५५ टक्के भार आला की सायकल नीट वळते. पुढे भार फार झाला आणि व्हीलबेस आखूड असला, तर पुढचा ब्रेक जोरात दाबल्यावर मागचं चाक उचलतं.

## ५. पूर्ण आकाराचं चित्र आणि ट्रेल

मोठ्या कागदाचा ताव भिंतीला किंवा जमिनीला चिकटवा आणि एकास एक मापात काढा. कॉम्प्युटरवर काढलंत तरी शेवटी मोठा कागद हवाच, कारण नळ्या त्याच्यावर ठेवून तपासता येतात.

जमिनीची रेघ, दोन्ही चाकं टायरसकट, सांगाड्यावरून घेतलेली सीट आणि क्रँकचं वर्तुळ. आता पुठ्ठ्यातून तुमच्या बुटाची बाजूची आकृती कापा, पायडलच्या जागी टाचणी लावा आणि ती क्रँकच्या वर्तुळावर फिरवा. टाचेचा मार्ग पुढच्या चाकाच्या वर्तुळात शिरतो का? सरळ जाताना थोडा शिरला तर चालतं, पाय चाकाच्या बाजूने जातो. पण हळू वेगात मोठं वळण घेताना टायर टाचेला घासतो. १५० ते १६० मिमीचे आखूड क्रँक लावले तर बरीच जागा मोकळी होते आणि गुडघेही हँडलपासून दूर राहतात.

मग ट्रेल. फोर्कच्या नळीच्या मध्यातून जाणारी रेघ जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकते आणि आसाच्या बरोबर खाली टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. टायरचा बिंदू मागे हवा. हे अंतरच सायकलला सरळ ठेवतं. गणित असं: चाकाची त्रिज्या गुणिले हेडट्यूबच्या जमिनीशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन, त्यातून फोर्कचा पुढे आलेला भाग (आस त्या रेघेच्या जितका पुढे आहे तितकं अंतर) वजा, आणि उत्तराला कोनाच्या साइनने भागायचं.

४०-४०६ टायरच्या चाकाची त्रिज्या २४३ मिमी. फोर्क ४० मिमी पुढे आलेला, कोन ७० अंश. ट्रेल येतो ४६ मिमी. कोन ७२ केला तर ३७, आणि ६८ केला तर ५५. दोन अंशांत नऊ मिमीचा फरक! पहिल्या सायकलसाठी ४५ ते ५५ मिमी चांगला. फार कमी असला की हँडल अस्थिर आणि भिरभिरतं, फार जास्त आणि कोन आडवा असला की हळू वेगात चाक एका बाजूला पडू पाहतं.

इथला सापळा म्हणजे हा कोन पूर्ण सायकल चाकांवर उभी असतानाचा लागतो. व्हीलबेस एक मीटर असेल आणि मागचा टायर पुढे कधी बदलून मागची बाजू १७-१८ मिमी उंच झाली, तर हेडट्यूबचा कोन एका अंशाने सरकतो. ज्या टायरवर चालवणार तेच चित्रात धरा.

## ६. चेनचा मार्ग

साध्या सायकलची एक चेन ११४-११६ कड्यांची असते, कडी १२.७ मिमीची. इथे दोन ते अडीच चेन जोडाव्या लागतात. जोडायला नव्या क्विक लिंक वापरा, उपसलेली जुनी पिन परत ठोकू नका.

चेनचा वरचा भाग ताणाचा, खालचा परतीचा. वरचा भाग पुढच्या चाकाला, फोर्कला आणि सीटला चुकवत मागे न्यायचा, म्हणून मध्ये एक चक्री लागते, आयडलर. तिच्यावर किती भार येतो याचा अंदाज आधी करा. पायाचा जोर ५० किलो, क्रँक १७० मिमी, पुढची चकती ३० दात्यांची म्हणजे त्रिज्या ६१ मिमी. चेनमधला ताण सुमारे १४० किलो. ५० दात्यांच्या चकतीवर तोच जोर लावला तर ८४. म्हणजे सगळ्यात मोठा ताण चढावर, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये येतो. रिकंबंटवर पाठ सीटला रेटून पाय मारता येतो, त्यामुळे जोर ५० किलोच्या वर सहज जातो.

या १४० किलोच्या चेनला आयडलरने २० अंश वाकवलं, तर आयडलरच्या बोल्टवर ४८ किलोंचा भार येतो. १० अंश वाकवलं तर २४. म्हणून ताणाची बाजू शक्य तेवढी सरळ ठेवा. चित्रात सीटची उंची एक-दोन सेंटीमीटर हलवून चेन सरळ होत असेल तर सीट हलवा. आयडलर दात्यांचा, मोठ्या व्यासाचा, बेअरिंगचा घ्या. डिरेलरमधली (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतली) छोटी प्लास्टिकची चक्री या भाराला टिकत नाही. बोल्ट ८ मिमीचा, ८.८ दर्जाचा, आणि तो धरणारी पट्टी फ्रेमला चिकटून असू द्या. बोल्ट जितका बाहेर लोंबेल तितका वाकेल.

परतीच्या बाजूला ताण जवळपास नसतो. ती चेन पॉलिथिनच्या नळीतून न्यावी, आतला व्यास १२ मिमीच्या आसपास. नळीची दोन्ही टोकं गरम करून कर्ण्यासारखी फुलवा, म्हणजे कड्या अडखळत नाहीत आणि खरखर थांबते. नळी एकाच टोकाला बांधा, दुसरं मोकळं राहू द्या.

बूम पुढे-मागे सरकणारा केला तर प्रत्येक सेंटीमीटरला चेन दोन सेंटीमीटर कमी-जास्त करावी लागते. सायकल फक्त तुमच्यासाठी असेल तर बूम पक्का ठेवून सीट सरकती करा.

## ७. कापणी आणि फ्रेम धरणारी चौकट

माउंटन बाइकचा मागचा त्रिकोण जसाच्या तसा ठेवा. कारखान्याने तो सरळ बनवला आहे, त्यातली एकही नळी सुटी करू नका. फक्त वरची आणि खालची पुढची नळी कापा.

बूमसाठी बॉटम ब्रॅकेटची नळी कापताना उजवी बाजू रंगाने लगेच खुणावून ठेवा. बहुतेक सायकलींत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. नळी फिरवून वेल्ड झाली तर पायडल मारता मारता कप सैल होत जातो आणि दुरुस्ती म्हणजे कापून पुन्हा जोडणं. वेल्डिंगच्या वेळी आत एक जुना, टाकाऊ बॉटम ब्रॅकेट बसवून ठेवा. नळी वाकडी होत नाही, आटेही वाचतात.

नळीचं टोक दुसऱ्या नळीवर बसवताना कागदाची पट्टी गुंडाळून आकार आखून घ्या, कापा, कानशीने घासत बसवा. दोन नळ्यांमधून उजेड दिसत असेल तर अजून घासा. या घासण्याला वेळ द्या, कारण फट भरायला घातलेलं जास्तीचं वेल्डच नळीला ओढून वाकडं करतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा रंग चार-पाच सेंटीमीटर घासून चकचकीत करा. बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला तीन मिमीचं भोक पाडा. आत कोंडलेली गरम हवा वितळलेल्या धातूतून बाहेर फुटते आणि सांध्यात भोकं राहतात.

सपाट टेबल किंवा जाड प्लायवुड घेऊन त्यावर मधली रेघ मारा. मागचा त्रिकोण चाकासकट, हेडट्यूब फोर्क आणि चाकासकट, बूमची नळी, सगळं त्या रेघेवर क्लॅम्प करा. दोन्ही चाकांवर ओळंबा सोडा. दोन्ही उभी, दोन्ही एका रेषेत. इथे डोळ्यात तेल घालून पाहा.

## ८. वेल्डिंग

हेडट्यूब आणि बॉटम ब्रॅकेटचे सांधे अनुभवी हातांकडून करून घ्या. मिग किंवा टिग (वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग) असेल तर उत्तम. साध्या रॉडने दीड मिमीच्या नळीला सहज भोक पडतं. घ्यायचाच झाला तर बारीक रॉड, कमी करंट. जुन्या सायकलच्या नळ्या तुमच्या चौकोनी नळीपेक्षा पातळ असतात, तेव्हा आर्क जाड नळीवर ठेवून वितळलेला धातू पातळ नळीकडे ओढून आणायला सांगा.

आधी फक्त टाके. एक वर, मग त्याच्या समोरचा खाली, मग डावा, मग उजवा. प्रत्येक टाक्यानंतर थांबा आणि दोरा लावा. दोरा मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत आणा आणि मुख्य नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक असेल तर टाका कापणं सोपं, पूर्ण सांधा कापणं नाही. पूर्ण वेल्डही तसंच समोरासमोर, तुकड्या-तुकड्यांत. पाण्याने थंड करू नका, हवेत निवू द्या.

वेल्ड सुंदर दिसावा म्हणून ग्राइंडरने घासून सपाट करायचा मोह होतो. करू नका, घासण्यात सांध्याची ताकद जाते.

## ९. सीट

सोपा मार्ग दोन नळ्यांच्या चौकटीवर जाळीचं कापड दोरीने ताणून बांधायचा. हवा खेळते, पाठ घामाने भिजत नाही. दुसरा मार्ग कठीण कवचाचा, तीन मिमीच्या प्लायच्या थरांना साच्यावर गोंदाने वाकवून किंवा फोमच्या साच्यावर फायबरग्लास चढवून. थर्माकोलचा साचा असेल तर पॉलिस्टर रेझिन घेऊ नका, ते थर्माकोल विरघळवतं. इपॉक्सी चालतं. कमरेच्या खळग्याला आधार आणि मांड्यांखाली गोल कड, या दोन गोष्टी जमल्या की सीट जमली.

## १०. जुळणी

गिअर आणि मागच्या ब्रेकच्या केबल नेहमीच्या पुरत नाहीत, टँडम (दोघांच्या) सायकलच्या लांबीच्या मागवा. केबलचे वळसे मोठे ठेवा. सीट आणि आयडलरला नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहजी सैल न होणारे) लावा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. केबल ताणली जाते का, चेन टायरला घासते का, मूठ गुडघ्यावर आपटते का.

चालवण्याआधी सीटवर तुमच्या वजनाच्या दीडपट पोती ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी दोरा पुन्हा लावा. माप बदललं असेल तर कुठेतरी नळी वाकली आहे, ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ११. पहिली फेरी

मोकळं मैदान, हलका उतार, हेल्मेट, हातमोजे. चेन लावण्याआधीच उतारावरून पाय जमिनीलगत ठेवून नुसती घरंगळू द्या. दोन्ही ब्रेक आळीपाळीने तपासा. नंतर चेन लावा, मधल्यापेक्षा थोड्या हलक्या गिअरमध्ये. एक पायडल वरच्या टोकाच्या किंचित पुढे, ब्रेक दाबलेला, पाठ पूर्ण टेकलेली. ब्रेक सोडा, पहिला पाय ठामपणे मारा आणि दुसरा पाय लगेच पायडलवर घ्या. नजर चाकाकडे नको, दूर. खांदे सैल, हँडल बोटांनी धरल्यासारखं. घट्ट धरलं की सायकल नागमोडी जाते, आणि प्रत्येक नवख्याचं तेच होतं.

थांबण्याआधी गिअर हलका करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. या सायकलवर उभं राहून जोर मारता येत नाही, जड गिअरमध्ये थांबलात तर निघताना तोल जातो. खड्ड्यावरूनही उठता येत नाही, तो लांबूनच पाहून चुकवायचा. वाहनांच्या रस्त्यावर जाण्याआधी मागे उंच झेंडा आणि दिवा, आणि हँडलला आरसा, कारण टेकलेल्या पाठीने मान वळवून मागचं दिसत नाही.

## १२. रंग सगळ्यात शेवटी

सुरुवातीला सांध्यांवर फक्त पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात द्या. बारीक तडा गेला की त्यातून गंजाची तपकिरी रेघ उमटते आणि पांढऱ्यावर ती लगेच दिसते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, मग दर काही आठवड्यांनी हेडट्यूबचा खालचा सांधा, आयडलरची पट्टी आणि बूमचं मूळ बॅटरीच्या उजेडात तिरकं पाहा. बोल्ट पुन्हा आवळा. सीटची जागा, हँडलची उंची, आरशाची पट्टी या काळात बदलत राहणार, कुठेतरी एखादी पट्टी कापून दुसरीकडे जोडावी लागणार. ते सगळं थांबलं की चाकं, चेन काढून फ्रेम मोकळी करा, भोकांतून आत पातळ तेल सोडून फिरवा, खालचं भोक पाणी निथळायला उघडं ठेवा आणि मग मनासारखा रंग द्या.